हॉटेलातला गप्प माणूस

शनिवारची रात्र. साडेनऊ वाजून गेले आहेत आणि गल्लीच्या तोंडावरच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नाही. बाहेरच्या बाकावर नाव लिहून थांबलेली कुटुंबे बसली आहेत. आतून तंदुरीचा धूर आणि तव्याचा चर्र आवाज येतो आहे. वेटर हातात चार-चार ताटल्या घेऊन खुर्च्यांमधून वाट काढत आहेत. कोपऱ्यात तीन टेबले जोडून एक मोठा गोतावळा बसला आहे. कुणाच्या तरी निवृत्तीची मेजवानी आहे. सत्कारमूर्ती साठीचे, वरची कवळी बसवलेले, दोन पेग झालेले. भाचा त्यांच्या कचेरीतला जुना किस्सा रंगवून सांगतो आणि सगळे टेबल खळखळून हसते. तेही हसतात. त्यावेळी त्यांच्या तोंडात मटणाचा एक मोठा तुकडा असतो.

मग ते हसायचे थांबतात.

कुणाच्या लक्षात येत नाही. ते खोकत नाहीत, ओरडत नाहीत, कुणाला हाक मारत नाहीत. चेहऱ्यावर ओशाळल्यासारखा भाव येतो, हात गळ्याकडे जातो. खुर्ची मागे सरकवून ते उठतात आणि बेसिनच्या दिशेने चालू लागतात. ‘‘काय हो, काय झालं?’’ पत्नी विचारते. उत्तर येत नाही. ‘‘ठसका लागला असेल मामी, येतील ते,’’ भाचा म्हणतो आणि किस्सा पुढे सुरू होतो.

हे चित्र कोणत्याही एका हॉटेलचे किंवा एका कुटुंबाचे नाही. घास अडकून गुदमरण्याच्या घटनांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी येथे एकत्र मांडल्या आहेत: मोठा घास, हसणे-बोलणे, मद्य, कवळी आणि काही न बोलता पंगतीतून उठून जाणे. यातली शेवटची गोष्ट सर्वांत घातक आहे. बेसिनपाशी एकट्या गेलेल्या माणसाजवळ जेमतेम चार मिनिटे असतात. तेवढ्या वेळात कुणीतरी त्याच्या मागे जाते की नाही, यावर त्याचे जगणे अवलंबून असते.

झटका हृदयाचा नव्हे

हॉटेलात जेवताना पन्नाशी-साठीचा माणूस अचानक कोसळला, तर आजही आजूबाजूच्या लोकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘अ‍ॅटॅक’. एकेकाळी डॉक्टरही असेच समजत. १९६३ मध्ये फ्लोरिडातील डॉक्टर हॉगन यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. उपाहारगृहांत जेवताना अचानक मरण पावलेल्या काही जणांचा त्यात अभ्यास होता. मृत्यू हृदयविकाराने झाला असावा, असे वरवर दिसत होते. शवविच्छेदनात मात्र श्वासाच्या वाटेत अडकलेला, नीट न चावलेला अन्नाचा मोठा तुकडा सापडला. या प्रकाराला हॉगन यांनी ‘कॅफे कॉरोनरी’ असे नाव दिले. हृदयविकाराच्या झटक्यासारखे दिसणारे, पण प्रत्यक्षात घशात घडणारे मरण.

हा घोटाळा होण्याचे कारण सोपे आहे. श्वासनलिका पूर्ण बंद झाली, की माणूस गुदमरतो, पण त्याचा आवाज होत नाही. खोकला, हाक, किंकाळी या सगळ्यांसाठी स्वरयंत्रातून हवा बाहेर यावी लागते. हवाच हलत नसेल तर आवाज कुठून येणार? चित्रपटांत गुदमरणारा माणूस मोठमोठ्याने खोकतो. प्रत्यक्षात जो मोठ्याने खोकतो आहे त्याच्या नळीतून हवा जात असते आणि तो बहुधा स्वतःच सुटतो. ज्याचा आवाज अचानक बंद होतो तोच खऱ्या संकटात असतो.

हृदयविकाराचा झटका आलेला माणूस शुद्धीवर असेल तर बोलू शकतो. छातीत दुखते, हात भरून आला, घाम फुटला, असे तो सांगतो. घास अडकलेल्याला यातले काहीच सांगता येत नाही. त्याचा हात छातीकडे न जाता गळ्याकडे जातो. मग ओठ आणि नखे निळसर होतात. एक-दोन मिनिटांत तो बेशुद्ध पडू शकतो. चार मिनिटांच्या सुमारास प्राणवायूविना मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. शनिवारच्या रात्रीच्या वाहतुकीतून कोणतीही रुग्णवाहिका तेवढ्या वेळात गल्लीत पोहोचणे अवघड आहे. म्हणजे या आजारात पहिले ‘डॉक्टर’ शेजारच्या खुर्चीवरचे लोकच असतात.

एकाच दारातून दोन वाटा

मुळात घास चुकीच्या वाटेला जातो कसा? याचे उत्तर आपल्या गळ्याच्या रचनेत आहे. तोंडातून आलेले अन्न आणि नाकातून आलेली हवा घशात एकाच चौकात येतात. तिथून पुढे श्वासनलिका असते आणि तिच्या मागे अन्ननलिका. म्हणजे प्रत्येक घासाला श्वासनलिकेच्या तोंडावरून पुढे जावे लागते. चार्ल्स डार्विननेही १८५९ च्या आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात या विचित्र रचनेची नोंद केली होती.

या चौकात अपघात होऊ नयेत म्हणून शरीराने वाहतूक नियंत्रणाची चोख व्यवस्था केली आहे. घास गिळण्याच्या क्षणी स्वरयंत्र वर आणि पुढे उचलले जाते, त्यावर एक झडप झुकते, स्वरतंतू एकमेकांना चिकटतात आणि सुमारे एक सेकंदभर श्वास पूर्ण थांबतो. घास अन्ननलिकेत उतरला की बहुतेक वेळा आपण उच्छ्वास सोडतो. त्यामुळे चुकून राहिलेला कण आत ओढला जात नाही, बाहेर ढकलला जातो. मेंदूतून निघणाऱ्या अनेक नसा आणि डझनावारी स्नायू हे काम दिवसातून शेकडो वेळा बिनचूक करतात. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मग मध्येच हसू येते. हसताना हवा झटक्याझटक्याने बाहेर पडते आणि हसू संपले की माणूस तोंडाने एकदम खोल श्वास घेतो. तोंडात अर्धवट चावलेला घास असेल, तर त्या हवेबरोबर तोही आत खेचला जाऊ शकतो. बोलतानाही तेच. वाक्य संपले की पुढच्या वाक्यासाठी झटकन श्वास घ्यावा लागतो.

गजबजलेल्या हॉटेलात हा धोका आणखी थोडा वाढतो. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञ एतियेन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गोष्ट दाखवून दिली, म्हणून तिला ‘लोंबार परिणाम’ म्हणतात. एका टेबलाने आवाज चढवला की शेजारचे टेबल त्याहून चढवते आणि थोड्या वेळात सगळे हॉटेल ओरडून बोलू लागते. मोठ्याने बोलायला मोठा श्वास लागतो. शिवाय एवढ्या कोलाहलात एक माणूस गप्प झाला, हे कानांना कळत नाही. ते डोळ्यांनीच टिपावे लागते.

‘जेवताना बोलू नये’

‘जेवताना बोलू नये, हसू नये’ हे घरोघरच्या आजी-आजोबांचे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते. चरकसंहितेच्या विमानस्थानातही आहारविधी सांगताना फार भराभर जेवू नये, बडबड न करता, न हसता, जेवणात मन ठेवून जेवावे, असा उपदेश आहे. शरीरक्रियेच्या दृष्टीने हा सल्ला योग्यच आहे.

पण तो शब्दशः पाळायचा तर हॉटेलात जायचेच कशाला? पॅरिसमधील गल्लीबोळांत जी छोटी, साधी, शेजारपाजाऱ्यांनी गजबजलेली खानावळवजा हॉटेले असतात त्यांना ‘बिस्ट्रो’ म्हणतात. आता पुण्या-मुंबईतही तशा पाट्या दिसू लागल्या आहेत. पाटी नवी असली तरी जागा आपल्याला नवीन नाही. इराण्याचे हॉटेल, कोल्हापूरची तांबड्या-पांढऱ्याची खानावळ, कोकणातले मासळीचे घरगुती हॉटेल, या सगळ्या ठिकाणी लोक पोटासाठी जेवढे जातात तेवढेच गप्पांसाठी जातात. चार माणसांत बसून, हसत-खेळत जेवणे ही आरोग्याला मारक गोष्ट नव्हे. एकट्याने मोबाइलकडे बघत जेवण्यापेक्षा ती कितीतरी बरी. त्यातही एकट्याचा घास अडकला तर पाठीवर थाप मारायलाही कुणी नसते. म्हणून गप्पा बंद करण्याची गरज नाही. घास लहान घ्यावा, किस्सा रंगात आला की हातातला घास हातातच ठेवावा, आणि टेबलावर कुणी अचानक गप्प झाले तर त्याच्याकडे बघावे, एवढे पुरे.

धोका कुणाला अधिक?

सर्वांत आधी वयस्करांना. वय वाढते तसा गिळण्याचा वेग मंदावतो, लाळ कमी होते, दात पडतात. वरच्या कवळीने टाळू झाकला जातो, त्यामुळे तोंडातला तुकडा किती मोठा आहे याचा अंदाज जिभेला नीट येत नाही. कवळीने चावण्याचा जोरही नैसर्गिक दातांपेक्षा कमी असतो. पक्षाघात किंवा पार्किन्सन्स झालेल्यांचे गिळण्याचे स्नायू नीट साथ देत नाहीत. झोपेच्या किंवा मन शांत करणाऱ्या गोळ्यांनी घशाची सावधगिरी मंदावते. मद्यानेही नेमके हेच होते, आणि त्यात घासाचा आकार व वेग यांवरचा ताबाही सुटतो.

महाराष्ट्रात यात आणखी एका गटाची भर घालावी लागते. गुटखा, सुपारी आणि मावा यांच्या सवयीने तोंडातली त्वचा ताठर होते आणि जबडा पूर्ण उघडत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी अशा तोंडाचे तरुण सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसतात. त्यांना भाकरी किंवा मटणाचा तुकडा नीट चावता येत नाही. मग ते तो पाण्याबरोबर तसाच गिळतात. जेवणानंतर तोंडात टाकलेल्या सुपारीचे खांडही हसताना श्वासनलिकेत उतरू शकते.

पैजा आणि स्पर्धा हा तर हाताने ओढवून घेतलेला धोका. २०२४ मध्ये ओणमच्या दिवसांत केरळमधील पालक्काड जिल्ह्यात इडली खाण्याच्या स्पर्धेत भाग घेतलेल्या एका गृहस्थाचा घास अडकून मृत्यू झाला. इडलीसारखा मऊ पदार्थही घाईघाईने कोंबला की जिवावर बेततो. जपानमध्ये नववर्षाला ‘मोची’ नावाचे भाताचे चिकट गोळे खाण्याची प्रथा आहे. दरवर्षी त्या सुमारास टोकियोचे अग्निशमन दल वृद्धांसाठी सावधगिरीच्या सूचना काढते.

लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना दाढा पुरेशा नसतात आणि श्वासनलिका अरुंद असते. चिवड्यातला शेंगदाणा, फुटाणा, अख्खे द्राक्ष, सीताफळाची बी, गोल गोळी हे त्यांच्यासाठी धोक्याचे पदार्थ. हॉटेलात टेबलांभोवती पळत खाणारे मूल दिसले तर त्याला आधी खाली बसवावे. द्राक्षाचे उभे चार भाग करावेत. आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. शेंगदाणा एका बाजूच्या फुप्फुसाच्या नळीत उतरला, तर मूल थोडा वेळ खूप खोकते आणि नंतर शांत होते. घरचे प्रसंग विसरून जातात. काही आठवड्यांनी ताप-खोकला सुरू होतो, औषधाने बरा होतो, पुन्हा उलटतो. अशा वेळी ‘मध्यंतरी खाताना जोराचा ठसका लागला होता’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अनेकदा निदानाची किल्ली त्या एका वाक्यात असते.

बुचासारखा उडणारा घास

१९७४ पर्यंत घास अडकलेल्या माणसाच्या पाठीत धपाटे घालणे, हाच सर्वांना माहीत असलेला उपाय होता. सिनसिनाटी शहरातील शल्यचिकित्सक हेन्री हाइमलिक यांनी वेगळा विचार केला. आपण नेहमीचा श्वास सोडला तरी फुप्फुसे रिकामी होत नाहीत. प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत तेव्हाही दोन-अडीच लिटर हवा उरलेली असते. गुदमरणाऱ्याला बाहेरची हवा मिळत नाही, पण आतली हवा तर आहे. तीच दाबून घास बाहेर का उडवू नये? प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तोंडात बूच अडकले, की आपण बाटली दोन्ही हातांनी दाबतो आणि बूच उडते. तेच हे तत्त्व. पोटाच्या वरच्या भागावर आत आणि वर झटका दिला की श्वासपटल वर ढकलले जाते, फुप्फुसे दाबली जातात आणि माणसाच्या वतीने जणू दुसराच कुणीतरी खोकतो.

हाइमलिक यांनी भूल दिलेल्या कुत्र्यांवर प्रयोग करून हे तपासले आणि जून १९७४ मध्ये लेख लिहिला. त्याची बातमी वृत्तपत्रांत आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका निवृत्त हॉटेलमालकाने शेजारच्या घरातील गुदमरणाऱ्या स्त्रीवर हीच कृती केली आणि तिचा जीव वाचला. त्याने कोणतेही प्रशिक्षण घेतले नव्हते. त्याने फक्त वर्तमानपत्रात ते वाचले होते. पुढे १९८१ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर एड कॉच यांचा चिनी उपाहारगृहात जेवताना घास अडकला, तेव्हा सोबतच्या मित्राने त्यांना याच कृतीने वाचवले. खुद्द हाइमलिक यांनी २०१६ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, ज्येष्ठांच्या निवासात जेवणाच्या टेबलावर शेजारच्या ८७ वर्षांच्या महिलेच्या घशातला हॅम्बर्गरचा तुकडा बाहेर काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

हाइमलिक यांचा पाठीवर थापा मारण्याला कडाडून विरोध होता. घास आणखी खाली जाईल, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या अनुभवाने ते पूर्णपणे मान्य झाले नाही. रुग्णाला पुढे वाकवून मारलेल्या थापांचाही उपयोग होतो, असे दिसले. युरोपातील मार्गदर्शक सूचनांत थापा आणि पोटावरचे झटके अशी जोडी आधीपासून आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२५ च्या सूचनांत पाच थापा आणि पाच झटके असा क्रम स्वीकारला. म्हणजे आजीचा धपाटा अगदीच चुकीचा नव्हता. तो माणसाला वाकवून आणि योग्य जागी बसायला हवा होता.

नेमके काय करावे?

आधी एकच प्रश्न विचारावा: ‘‘घास अडकला का? बोलता येतंय का?’’

तो बोलू शकत असेल किंवा जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. त्याच्या खोकल्याइतका जोर बाहेरच्या कोणत्याही उपायात नाही. पाठीवर मारू नये, पाणी पाजू नये. फक्त जवळ थांबावे. बेसिनकडे किंवा स्वच्छतागृहाकडे जायला निघाला तर सोबत जावे. चारचौघांत तमाशा नको म्हणून माणसे उठून जातात आणि बंद दारामागे कोसळतात.

त्याला बोलता येत नसेल, खोकला निघत नसेल किंवा तो नुसती मान हलवत असेल, तर वेळ घालवू नये. एकाने १०८ वर फोन लावावा आणि दुसऱ्याने लगेच कामाला लागावे.

पहिली पायरी: त्याच्या बाजूला, किंचित मागे उभे राहावे. एका हाताने छातीला आधार देऊन त्याला कमरेतून पुढे वाकवावे. दुसऱ्या तळहाताच्या मनगटाकडील भागाने दोन खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा माराव्यात. प्रत्येक थापेनंतर घास निघाला का ते पाहावे.

दुसरी पायरी: घास निघाला नाही तर मागे उभे राहून दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती घालावेत. एका हाताची मूठ वळावी. तिची अंगठ्याकडील बाजू बेंबीच्या थोडी वर, छातीच्या हाडाच्या टोकाच्या बरीच खाली ठेवावी. दुसऱ्या हाताने ती मूठ पकडून आत आणि वर असे पाच झटके द्यावेत. मग पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच झटके. घास निघेपर्यंत किंवा माणूस बेशुद्ध होईपर्यंत हे चालू ठेवावे.

गरोदर स्त्री असेल किंवा माणूस इतका स्थूल असेल की पोटाभोवती हात पोहोचत नाहीत, तर मूठ पोटावर न ठेवता छातीच्या मधल्या हाडावर ठेवून सरळ मागे झटके द्यावेत.

एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर कधीही झटके देऊ नयेत. बाळाला हातावर पालथे घ्यावे, डोके छातीपेक्षा खाली ठेवून आधार द्यावा आणि पाठीवर पाच थापा माराव्यात. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाब द्यावा. आलटून पालटून हेच करत राहावे.

माणूस बेशुद्ध झाला तर त्याला हळूच जमिनीवर उताणे झोपवावे आणि छातीवर दाब देण्यास, म्हणजे सीपीआरला सुरुवात करावी. तीस दाबांनंतर तोंड उघडून पाहावे. घास दिसला तरच बोटाने काढावा. दिसत नसताना आत बोटे घालून चाचपडू नये. त्याने घास आणखी खोल जातो. तोंडाने श्वास देता येत असेल तर दोन श्वास द्यावेत आणि पुन्हा छातीवर दाब सुरू करावा. मदत येईपर्यंत थांबू नये. पोटावर झटके दिलेला माणूस नंतर अगदी ठणठणीत दिसला, तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. झटक्यांनी पोटातल्या अवयवांना मार लागलेला असू शकतो किंवा घासाचा एखादा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

आणि एकट्याने जेवताना असे झाले तर? फोनवर बोलता येणार नाही, हे लक्षात घ्यावे. तरी १०८ लावून फोन चालू ठेवावा, दार उघडून शेजाऱ्यांच्या नजरेस पडावे आणि खुर्चीच्या पाठीवर किंवा टेबलाच्या कडेवर पोटाचा तोच वरचा भाग जोराने आदळावा.

चुकीचे उपाय

ठसका लागला की आपल्याकडे ‘वर बघ’ म्हणत डोक्यावर थापटण्याची पद्धत आहे. साध्या ठसक्यात त्याने बिघडत नाही, कारण तो ठसका खोकल्याने आपोआप थांबणारच असतो. घास अडकला असेल तर मात्र मान वर करण्याचा उपयोग नाही. उलट पुढे वाकायला हवे. पाण्याचा पेला तोंडाला लावणे ही दुसरी नेहमीची चूक. वाट बंद आहे तिथे पाणीही अडते आणि थोडी फट असेल तर तेही श्वासनलिकेत जाते.

कोकणात आणि गोव्यात माशाचा काटा लागला की कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे गिळायला सांगतात. काटा टोचलेला माणूस बोलतो, श्वास घेतो, फक्त गिळताना दुखते म्हणतो. हा प्रकार गुदमरण्याचा नाही. तरीही भाताच्या गोळ्याने काटा आणखी खोल रुतू शकतो, म्हणून तो कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून काढून घेणेच बरे. गुदमरणाऱ्या माणसाच्या तोंडात केळे किंवा भात कोंबणे तर जीवघेणेच ठरेल.

तिसरा प्रकार अन्ननलिकेत घास अडकण्याचा. यात माणसाला बोलता येते, श्वासही येतो, पण छातीत काहीतरी अडकल्यासारखे वाटते आणि थुंकीसुद्धा गिळता येत नाही. इथे पोटावर झटके देऊ नयेत. काही खायला-प्यायला न देता रुग्णालयात न्यावे. दुर्बिणीने तो घास काढता येतो. असे वारंवार होत असेल तर अन्ननलिका अरुंद झाली आहे का, याची तपासणी करणे आवश्यक असते.

भिंतीवर एक फलक

न्यूयॉर्कमध्ये उपाहारगृहांनी घास अडकल्यावर काय करावे याचा चित्रमय फलक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. आपल्याकडच्या हॉटेलांत गल्ल्यामागे देवाची तसबीर असते, परवाना असतो, दरपत्रक असते, आग विझवण्याचे लाल नळकांडे असते. त्याच भिंतीवर चार चित्रांचा एक कागद लावायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. वेटर, मॅनेजर आणि बेसिनपाशी टेबल पुसणारा मुलगा यांना एका दुपारी, गर्दी ओसरल्यावर, ही कृती शिकवायला अर्धा तास पुरतो. शिकताना एकमेकांच्या पोटावर खरे झटके मात्र देऊ नयेत. हात कुठे ठेवायचे एवढेच करून पाहावे. पाहुण्यांचे टेबल आपल्याच गप्पांत असते. गर्दीवर सतत नजर ठेवणारा माणूस हॉटेलात एकच असतो, तो म्हणजे वेटर. कुणाचे पाणी संपले, कुणाला पोळी हवी, हे न सांगता ओळखण्याची त्याला सवय असते. गळ्याशी हात नेलेला माणूसही त्यालाच आधी दिसू शकतो.

आता पुन्हा त्या शनिवारच्या रात्रीकडे. साठीचे गृहस्थ बेसिनपाशी पोहोचले आहेत. दोन्ही हात गळ्याशी आहेत, आरशात स्वतःचा लाल झालेला चेहरा दिसतो आहे. हातात रिकाम्या ताटल्या घेतलेला विशी-बाविशीचा वेटर तिथून जाताना थबकतो. ‘‘काका, घास अडकला का? बोलता येतंय?’’ काका मान हलवतात. तो ताटल्या खाली ठेवतो, त्यांना पुढे वाकवतो. एक, दोन, तीन, चार, पाच थापा. काही नाही. मग मागून कमरेला मिठी, मूठ बेंबीच्या वर, एक झटका, दुसरा. तिसऱ्या झटक्याला मटणाचा तुकडा बेसिनमध्ये पडतो आणि काकांना पहिला, खरखरीत, मोठा श्वास येतो.

टेबलावर भाच्याचा किस्सा अजून संपलेला नसतो. काका परत येऊन बसतात, डोळे पुसतात आणि पत्नीला म्हणतात, ‘‘जरा पाणी दे. आणि आधी आपण सगळे दवाखान्यात जाऊ या.’’ हा शेवट प्रत्येक हॉटेलात असाच होईल याची खात्री देता येत नाही. पण ज्या हॉटेलात एकाला तरी तो प्रश्न विचारायचा आणि पुढचे दोन हात कुठे ठेवायचे हे माहीत आहे, तिथे तो असा होण्याची शक्यता कितीतरी वाढते. हा मजकूर कापून एखाद्या हॉटेलच्या गल्ल्यामागे चिकटवला, तरी तेवढे काम होईल.